कॉफीचा कप आणि बसण्याची जागा

आमच्या घरी चहा रोजचा आणि कॉफी निमित्ताची. कोणाचे डोके दुखले किंवा चहा न घेणारा पाहुणा आला, म्हणजे दुधात कॉफी उकळायची आणि वर जायफळ किसून घालायचे, एवढीच माझी कॉफीशी ओळख होती. तेव्हा अर्थशास्त्राच्या अध्यापिकेने कॉफीच्या दुकानांवर लेख लिहावा याचे माझ्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल. या लेखाचे मूळ पुस्तकात नसून घरात आहे, म्हणून ते आधी सांगते.

गिरगावातल्या चाळीत आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. माणसे पाच. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या तपासणीचा अहवाल हाती आला, तेव्हा मी आणि माझे पती इस्पितळाबाहेर येऊन नुसते उभे राहिलो. शस्त्रक्रिया करायची की नाही, पैसे कुठून उभे करायचे, आईंना किती सांगायचे, यांपैकी एकही गोष्ट घरी बोलता येण्यासारखी नव्हती. पडद्यापलीकडे त्याच पडलेल्या असत. रस्त्यात उभे राहून बोलण्याचाही तो विषय नव्हता. समोर इराण्याचे हॉटेल होते. आम्ही दोन चहा मागवले आणि तास-सव्वा तास बसलो. कोणी उठवले नाही, 'आणखी काय आणू' असेही विचारले नाही. निर्णय त्या टेबलावर झाला. शस्त्रक्रिया पार पडली आणि सासूबाई आज हिंडत्याफिरत्या आहेत.

पुढे रविवारी दुपारी मुंबईतले एकेक दुकान पाहण्याचा आम्हां दोघांना नादच लागला. नियम दोनच ठेवले. दुकान मोठ्या कंपनीच्या साखळीतले नसावे, आणि कॉफी मिळत असेल तर कॉफीच घ्यावी. पती चवीचे टिपण ठेवीत. मी दर, वेळ आणि बसणारी माणसे यांचे. या टिपणांतून जो प्रश्न पुढे आला तो असा : एका कपाच्या पैशांत गिऱ्हाइकाला नेमके काय मिळते? केवळ पेय, की त्याबरोबर बसण्याची जागाही?

१. इराण्याचे हॉटेल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पहिल्या दशकांत इराणातील यझ्द, केरमान या भागांतून झरतुष्ट्री कुटुंबे मुंबईस आली. त्यांतील अनेकांनी चहाची आणि बेकरीची दुकाने थाटली. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना सहज मिळाली, असे सांगतात. कारण काही असो, कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते, हा त्यातला व्यवहार पक्का.

संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि गल्ल्यावर स्वतः मालक. कामगार, कारकून, विद्यार्थी, बेकार आणि कवी इथे एकाच पंक्तीस बसले. धोबीतलावच्या बास्तानी या दुकानातील नियमांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांना एक इंग्रजी कविता सुचली, हे इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. ते दुकान आता नाही.

बहुतेक इराण्यांकडे 'फॅमिली रूम' असे. तिच्याकडे आज आपण थोडे हसून पाहतो. परंतु ज्या शहरात नवविवाहित जोडप्याला घरी एकांत नाही आणि चौपाटीवर शंभर डोळे आहेत, तिथे त्या फळीच्या आडोशाने काय दिले असेल याचा अंदाज मला इस्पितळासमोरच्या त्या दिवसापासून आहे. अर्थात त्याच आडोशाचा दुसरा अर्थ असा, की बाहेरची मोठी बैठक पुरुषांची होती.

इराण्याला गिऱ्हाईक तासभर बसवणे परवडले कसे? माझ्या मते कारणे दोन. पहिले, मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. जुन्या भाडेकरूंचे भाडे जवळजवळ गोठले आणि ते संरक्षण १९९९ च्या नव्या कायद्यानेही बऱ्याच अंशी राखले. दुसरे, इराणी केवळ चहावर जगत नव्हता. त्याच गल्ल्यावर पाव, बिस्किटे, केक, साबण, काडेपेटी विकली जाई. टेबलावर सगळा भार नव्हता. पुढे मालकांची मुले शिकून इतर व्यवसायांत गेली, भागीदारांत वाद झाले, जुन्या इमारती पाडायला निघाल्या, आणि दुकाने एकेक करून मिटली. कॉफीबद्दल पतींचे टिपण एका ओळीचे आहे : "इथे चहाच घ्यावा."

२. मातुंग्याची फिल्टर कॉफी

कॉफीसाठी आम्ही मातुंग्यास गेलो. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि त्याने दादर-मातुंग्याच्या वसाहती आखल्या. तिथे नोकरीनिमित्त आलेली दक्षिणेकडील कुटुंबे स्थिरावली. त्यांच्यामागून खाणावळी आल्या, उडपी उपाहारगृहे आली आणि कॉफी भाजून दळून देणारी दुकानेही आली. कॅफे मद्रास १९४० चे, रामा नायक यांची खाणावळ १९४२ ची.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात कॉफीची पूड दाबून उकळते पाणी ओतले, की अर्क थेंबाथेंबाने खाली उतरतो. त्याला घाई चालत नाही. त्यात गरम दूध व साखर घालून पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात उंचावरून ओतले, की फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते. पुडीत बहुधा चिकोरी मिसळतात. ते एका झाडाचे भाजलेले मूळ असून त्याचे पीक आपल्या शेजारी गुजरातेत निघते. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, किंमतही उतरते. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असलीच पाहिजे, असा नियम आहे.

मौज अशी, की ज्या कॉफीचा अर्क इतका सावकाश उतरतो ती पिण्यास मात्र सवड नसते. उडपी उपाहारगृहाचे सारे शास्त्र उलाढालीवर उभे आहे. दर माफक, पदार्थ चटकन, टेबलावर अनोळखी माणूस समोर बसणार, आणि दाराशी रांग. एका उपाहारगृहात मी वही उघडली, तोच पोऱ्याने टेबल पुसायला घेतले. त्याचे चुकले असे मला वाटत नाही. बाहेर उभ्या असलेल्या आजींचा त्या खुर्चीवर माझ्याइतकाच हक्क होता. कॉफीला पतींनी पैकीच्या पैकी गुण दिले. आमचे बोलणे मात्र फूटपाथवर पुरे झाले.

३. कामगारांचे कॉफी हाउस

एका रविवारी आम्ही चर्चगेटला उतरलो, तेव्हा मला वर्गात शिकवलेला एक धडा आठवला. भारतातील कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी उपकर समितीने १९३६ मध्ये पहिले इंडिया कॉफी हाउस याच चर्चगेटला उघडले. पुढे कॉफी मंडळाच्या काळात अशी कॉफी हाउसे शहरोशहरी निघाली आणि लेखक, पुढारी, विद्यार्थी यांचे अड्डे बनली. १९५० च्या दशकाच्या मध्यास मंडळाने ती बंद करण्याचे ठरवले आणि कामगारांवर बेकारी आली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. बंगळूरची संस्था १९५७ ची. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत त्यांचे पहिले इंडियन कॉफी हाउस उघडले. वाढणारा तोच मालक, ही सहकाराची कल्पना अनेक गावांत आजही टिकून आहे. बसू देण्याचा तिसरा मार्ग तो हा : नफ्याची हाव थोडी कमी ठेवणे.

४. नवी दुकाने

बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर १९९६ मध्ये कॅफे कॉफी डे सुरू झाले. २०१२ मध्ये स्टारबक्सने मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळ भारतातले पहिले दुकान उघडले. ही साखळीची दुकाने आमच्या नियमाबाहेरची. परंतु त्यांनी तयार केलेल्या गिऱ्हाइकावर वांद्र्यापासून फोर्टपर्यंत लहान, स्वतंत्र दुकाने निघाली. तिथे पाटीवर चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्याचे नाव असते, दाणे समोर दळतात, आणि भाजणे हलके की गडद हे विचारून घेतात. पतींची वही इथे पानेच्या पाने भरली. काळ्या कॉफीला आंबूस-गोड फळासारखा वास असतो, हे आम्हांला साठ किलोमीटर लोकलप्रवासानंतर आणि मातुंग्याच्या सुमारे पाचपट बिलानंतर कळले!

पण एक गोष्ट मी मुद्दाम टिपली आहे. या दुकानांत मुली एकट्या बसलेल्या दिसतात. पुस्तक किंवा संगणक पुढे असतो, आडोशाला फळी नसते आणि कोणी टक लावून पाहत नाही. इराण्याने माझ्या आत्याला हे दिले नव्हते. मात्र ज्या मुलीच्या पर्समध्ये परतीच्या पासखेरीज वीस रुपये आहेत, तिला हे दारही बंदच.

५. हिशोब

आता पाठाचा भाग. समजा, भाडे, वीज, पगार निघण्यासाठी मालकाला एका खुर्चीमागे तासाला ६० रुपये सुटले पाहिजेत. कपामागे २० रुपये सुटत असतील, तर तासात तीन गिऱ्हाइके बसून उठली पाहिजेत. हा उडपी मार्ग. एकच गिऱ्हाईक तासभर बसवायचे, तर कपामागे ६० रुपये सुटले पाहिजेत. हा नव्या दुकानांचा मार्ग. आणि भाडे गोठल्यामुळे ६० च्या जागी २० रुपये पुरत असतील, तर स्वस्त कपावर तासभर बसता येते. तो इराण्याचा मार्ग. म्हणजे इराण्याचे औदार्य खरे असले तरी त्याची किंमत मुख्यतः घरमालक भरत होता. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. पण ती मोडल्यावर स्वस्तात बसण्याची जागा कोण देणार, याचे उत्तर शहराने शोधलेले नाही. जहांगीर कलादालनातील समोवार १९६४ पासून चालले आणि २०१५ मध्ये बंद झाले. अरुण कोलटकर जिथे बसत ते काळा घोड्याचे वेसाइड इनही गेले. अशी दुकाने जातात तेव्हा पदार्थ दुसरीकडे मिळतात, बैठक मिळत नाही.

लहान घरांच्या शहरात अशी बैठक ही चैन नव्हे. आजारपणाचा विचार, लग्नाची बोलणी, नवराबायकोचे भांडण आणि समेट यांना चार भिंती लागतात. त्या घरी नसतील तर बाहेर शोधाव्या लागतात. ग्रंथालयाचा ओटा, महाविद्यालयाचे उपाहारगृह, पालिकेच्या उद्यानातला बाक यांचाही विचार याच दृष्टीने व्हायला हवा.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपापल्या वस्तीतले एक स्वतंत्र दुकान निवडा. जागा मालकीची की भाड्याची, कप केवढ्याला, गिऱ्हाईक किती वेळ बसते, एकटी स्त्री बसते का, याची महिनाभर नोंद ठेवा. अर्थशास्त्राचे एक प्रकरण तुमच्या हाती येईल.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंनी विचारले, "दर रविवारी दोघं जाता तरी कुठं?" आम्ही त्यांना मातुंग्यास नेले. त्यांनी पेला संपवला, रांगेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "कॉफी झकास आहे, पण जायफळ हवं होतं. आणि जरा बसू दिलं असतं तर!" माझ्या साऱ्या टिपणांचा निष्कर्ष याहून वेगळा नाही.