रेड कंट्रोलर आणि त्याचा ड्रायव्हर

तिरुवैयारु येथे 1847 मध्ये त्यागराजांचे निधन झाले. त्यांच्या कृती टिकल्या त्या वालाजापेट, उमयाळपुरम व तिल्लैस्थानम या तीन शिष्यशाखांतून. एकीत विस्मरलेली रचना दुसरीत सापडण्याची आशा राहिली. आज त्याच कृतींची ध्वनिमुद्रणे संगणकावर ठेवताना अशीच तजवीज, अनेक डिस्का एकत्र बांधणाऱ्या 'रेड' या रचनेने करता येते. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी ती 1988 मध्ये मांडली. 'रेड-5' मध्ये एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्यांवरून तिच्यातील मजकूर पुन्हा सिद्ध होतो.

हे गणित कंट्रोलर नावाचे कार्ड करते आणि लिनक्सच्या कर्नलमधील 'मेगारेड-सास' हा ड्रायव्हर त्याच्याशी व्यवहार करतो. मात्र सहा डिस्कांच्या जागी कर्नलला एकच दिसते. ही सोय असली, तरी तीतच धोका दडलेला आहे. एक डिस्क गेली तरी काम बिनबोभाट चालू राहते. कर्नलच्या नोंदींत एखादी ओळ उमटते इतकेच, आणि ती वाचतो कोण? दुसरी गेली की सारेच गेले. म्हणून 'स्टोरसीएलआय' या साधनाने प्रत्येक डिस्कची स्थिती कंट्रोलरलाच नियमितपणे विचारावी. निकामी डिस्क आढळताच बदलावी व पुनर्बांधणी पुरी होईपर्यंत लक्ष ठेवावे. चुकून पुसलेली फाइल मात्र रेड परत देत नाही. तिच्यासाठी वेगळ्या ठिकाणी वेगळी प्रत हवी.