जांभळातील रंगद्रव्य आणि त्याचे शोषण

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या आठवडी बाजारांत मृगाच्या सुमारास जांभळे येतात; शेजारचे कन्नड भाषिक त्यांस नेरळे म्हणतात. जीभ रंगविणारे त्यातील द्रव्य म्हणजे अँथोसायनिन होय. ते मुख्यत्वे सालीत व सालीलगतच्या गरात असते. म्हणून साल टाकून काढलेला रस दिसावयास स्वच्छ, परंतु गुणाने उणा ठरतो.

हे द्रव्य पाण्यात विरघळते, आम्लात टिकते. दीर्घकाळ उकळल्यास मात्र बरेचसे नाश पावते. यास्तव फळे धुऊन सालीसह कुस्करावीत, बिया काढून थोडे पाणी व लिंबाचा रस घालावा आणि मंद आचेवर केवळ कोमट करून फडक्याने गाळावे. भांडे स्टीलचे असावे. लोखंडाशी संयोग होऊन रंग काळवंडतो. शिक्षकांनी वर्गात थोड्या रसात खाण्याचा सोडा घालून दाखवावा, म्हणजे रंग निळसर झालेला मुलांस दिसेल.

पोटात गेल्यावर या द्रव्याचा अल्पसा भागच जठर व लहान आतड्यातून जसाच्या तसा रक्तात जातो. उरलेला मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जीवाणू त्याचे विघटन करतात व त्यातून निघालेली लहान द्रव्ये शरीरात शोषली जातात. फळातील चोथा हे या जीवाणूंचे खाद्य; तेव्हा पेलाभर गाळीव रसापेक्षा मूठभर जांभळे चावून खाणे अधिक हितकर.

बियांच्या चूर्णावर विसंबून मधुमेहाची चालू औषधे बंद करणे हा तर उघड धोका होय. शिवाय फळास तुरटपणा आणणारी टॅनिने लोहाचे शोषण अडवितात. गरोदर स्त्रियांनी लोहाची गोळी जांभळांबरोबर घेऊ नये. दोन तासांचे अंतर ठेवावे.