मिळालेले तारण हरवते का?



घरभेटीच्या वेळी दोन प्रश्न आमच्या कानांवर वरचेवर येतात. पहिला मोठ्याने विचारला जातो. दारावर आलेल्या एखाद्या प्रचारकाने घरातल्यांना विचारलेले असते, "तुमचे तारण झाले आहे का? होय की नाही, तेवढेच सांगा." एकदा मनापासून 'होय' म्हटले की ते तारण कधीच जात नाही, असेही तो सांगून गेलेला असतो. घरातली मंडळी गोंधळतात. दुसरा प्रश्न हळू आवाजात, बाकीचे उठून आत गेल्यावर येतो, "फादर, माझ्या हातून जे घडले त्यानंतर मला काही आशा आहे का?" आमच्या मते हा एकच प्रश्न आहे, दोन टोकांनी विचारलेला.

ख्रिस्तसभेचे उत्तर थोडक्यात असे. तारणाची कृपा आपण गमावू शकतो, आणि जिवंत असेपर्यंत ती पुन्हा मिळू शकते. यातले पहिले वाक्य तेवढे ऐकले तर माणूस खचतो, दुसरेच तेवढे ऐकले तर सैलावतो.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. 'कधीच हरवत नाही' म्हणणारे बांधव काही हवेत बोलत नाहीत. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू सांगतो की त्याची मेंढरे त्याच्या हातातून कोणीही हिसकावून घेणार नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात संत पौल मरण, जीवन, देवदूत, सत्ता अशी मोठी यादी देतो आणि यांतले काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही असे ठासून सांगतो. ही वचने आपलीही आहेत. पण हिसकावून घेणे वेगळे आणि आपण होऊन हात सोडवून घेणे वेगळे. पौलाच्या यादीत पाप नाही. कोणी म्हणेल, 'कोणतीही सृष्ट वस्तू' असे तो शेवटी म्हणतो, मग मीही त्यात आलो की. खरे आहे, आणि म्हणूनच देवाची माझ्यावरची प्रीती माझ्या पापानेही संपत नाही. पण कोणी माझ्यावर प्रेम करणे आणि मी त्या प्रेमात राहणे यांत फरक आहे. हे कळायला तत्त्वज्ञान शिकावे लागत नाही, घरात मुले असली की पुरे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप पाहा. मुलगा दूर देशी गेला तरी बापाचे प्रेम तसूभर कमी झाले नाही. मुलगा मुलगाच राहिला, त्याचे नाते कोणी खोडले नाही. तरीही तो परत आल्यावर बाप काय म्हणतो? हा मेला होता आणि पुन्हा जिवंत झाला आहे. 'मेला होता' हा शब्द शेजाऱ्यांचा नाही, त्या प्रेमळ बापाचाच आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आत्म्यावर उमटलेला ठसा कोणत्याही पापाने पुसला जात नाही, म्हणून बाप्तिस्मा पुन्हा घ्यायचा नसतो. आपल्यातले काहीजण दुसऱ्या गटात जाऊन पुन्हा पाण्यात उतरून येतात. त्यांना आम्ही हेच सांगतो. पण त्या ठशाबरोबर मिळालेले कृपेचे जीवन घोर पापाने मरू शकते.

पौल स्वतःविषयीही गाफील नव्हता. इतरांना उपदेश करून आपणच अपात्र ठरू नये म्हणून तो देहाला ताब्यात ठेवत असे, हे त्याने करिंथकरांस कळवले (१ करिंथ ९:२७). त्याचा एक सहकारी होता, देमास. कलस्सैकरांस आणि फिलेमोनास लिहिलेल्या पत्रांत लूकबरोबर त्याचेही सलाम आहेत. फिलेमोनाच्या पत्रात तर पौल त्याला सहकारी म्हणतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र तोच देमास जगाच्या मोहाने पौलाला सोडून थेस्सलनीकास निघून गेलेला आहे. त्याचे पुढे काय झाले ते शास्त्र सांगत नाही, म्हणून आम्हीही निकाल देत नाही.

या विषयावर सर्व प्रॉटेस्टंट बांधवांचे एकच मत आहे असेही समजू नये. कॅल्विनच्या परंपरेतील डोर्टच्या सभेने (१६१८-१९) खरे निवडलेले शेवटपर्यंत टिकतातच असे ठरवले. मेथडिस्ट परंपरेचे जॉन वेस्ली यांनी मात्र विश्वासी माणूस पतित होऊ शकतो असेच शिकवले. आपली शिकवण ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी नेमक्या शब्दांत मांडली. त्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. घोर पापाने कृपा जाते, पण श्रद्धा जातेच असे नाही. राहिलेली श्रद्धा जिवंत म्हणता येणार नाही, तरी ती खरी असते. म्हणून वर्षानुवर्षे ख्रिस्तप्रसाद न घेता शेवटच्या बाकावर बसणाऱ्या माणसाने 'मी ढोंगी आहे' असे म्हणून येणे बंद करू नये. त्याला इथे आणणारी ती श्रद्धाच आहे.

आता घोर पाप म्हणजे काय, हे स्पष्ट असायला हवे, कारण भित्र्या स्वभावाची माणसे सगळ्यालाच घोर पाप समजतात. गोष्ट गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे हे पूर्ण ठाऊक असले पाहिजे, आणि तरीही जाणूनबुजून, मोकळ्या मनाने ती केलेली असली पाहिजे. तिन्ही एकत्र असतील तरच. अंथरुणाला खिळलेल्या सासूला एकटे टाकता येत नाही म्हणून रविवारचा मिस्सा चुकला, तर ते पाप नाहीच. प्रार्थनेच्या वेळी नको तो विचार मनात आला आणि आपण तो झटकला, त्यातही पाप नाही. आणि ज्या घरात कोणी आपले आयुष्य स्वतः संपवले आहे, त्या घराने हे नीट वाचावे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २२८२-८३) सांगतो की मनाचा गंभीर आजार, तीव्र वेदना, भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाची आशा आपण सोडू नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. त्यांच्यासाठी मिस्सा सांगायला संकोच करण्याचे कारण नाही.

पडलेल्यांना परत घ्यावे का, हा वाद ख्रिस्तसभेत फार जुना आहे. सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी दिले. काहींनी बळी न देताच पैसे चारून नुसते प्रमाणपत्र मिळवले (ही युक्ती आपल्याकडेही कोणाला समजावून सांगावी लागणार नाही). छळ ओसरल्यावर ही माणसे रडत परत आली. रोममधील नोव्हेशियन म्हणाला, अशांना क्षमा करण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही. दुसरीकडे काहींना त्यांना प्रायश्चित्ताशिवायच आत घ्यायचे होते. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी दोन्ही नाकारले. २५१ च्या सभेत प्रत्येकाची वेगळी चौकशी करायचे ठरले: प्रमाणपत्रवाल्यांना लवकर प्रवेश, बळी देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त, पण दार कोणालाच बंद नाही. पुढे नवा छळ येणार असे दिसताच प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांना ख्रिस्तप्रसाद देण्यात आला. प्रभूच्या शरीराविना त्यांना रणांगणात कसे पाठवायचे? सिप्रियन स्वतः २५८ मध्ये रक्तसाक्षी झाले.

मग दारावरच्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? १४३१ साली फ्रान्समधील रूआँ येथे जोन ऑफ आर्क या शेतकऱ्याच्या मुलीला न्यायाधीशांनी विचारले, तू देवाच्या कृपेत आहेस काय? तो सापळा होता. 'होय' म्हटले तर उद्धटपणा, 'नाही' म्हटले तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली की मी कृपेत नसेन तर देव मला तिथे आणो, असेन तर तिथेच ठेवो. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या मुलीचे उत्तर आज धर्मशिक्षण ग्रंथात आहे. आपल्या मुलांना ते पाठ असावे, आणि त्यांनी ते भांडण्यासाठी नव्हे, तर शांतपणे म्हणावे.

ट्रेंटने प्रायश्चित्त संस्काराला प्राचीन धर्मपित्यांचा एक शब्द वापरला आहे: जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी. आपल्या कोळी बांधवांना हे आमच्यापेक्षा चांगले समजेल. पाण्यात पडलेला माणूस होडी कोणाच्या चुकीने फुटली याचा हिशेब करीत बसत नाही, आधी फळी धरतो.

शनिवारी सायंकाळी मिस्साच्या आधी तासभर आम्ही पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसलेले असतो. पुष्कळ वर्षे झाली असतील आणि पश्चात्तापाची प्रार्थना आठवत नसेल, तर तसे सांगावे. आम्ही म्हणू, आपण मागून म्हणावे. ऐकलेले कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगण्याची आम्हाला मुभा नाही. ओळखीच्या धर्मगुरूंपुढे बोलणे जड जात असेल तर शेजारच्या धर्मग्रामात खुशाल जावे. आम्हाला त्यात काहीही वाटणार नाही.