जनुक गप्प केले तर रक्तदाब उतरेल काय ?



मागील पालक-सभेत आम्ही सहज विचारले, घरी कुणाकुणाला बी.पी. आहे ? निम्म्याहून अधिक हात वर झाले. मग विचारले, रोज न चुकता गोळी कोण घेते ? बरेचसे हात हळूच खाली आले. सभा आटोपल्यावर अकरावीची एक विद्यार्थिनी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आली. सहा महिन्यांतून एक इंजेक्शन आणि रक्तदाब खाली, असे त्यात छापलेले. "सर, हे खरं आहे का ? आजीसाठी विचारते." तिला तेव्हा दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे 'जीन' हाच शब्द तोंडी येतो; मराठीत त्याला जनुक म्हणतात. भाषेची चूकभूल वाचकांनी सांभाळून घ्यावी.

आधी दाब का वाढतो ते पाहू. १८९८ साली स्वीडनमध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला. त्या अर्कातील द्रव्याला त्यांनी रेनिन नाव दिले. पुढे कळले की रेनिन एकटे काही करीत नाही. आपले यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन रक्तात सोडत असते. रेनिन त्याचा एक तुकडा तोडते, दुसरे एक विकर त्या तुकड्याला आणखी छाटते आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होते. हे द्रव्य रक्तवाहिन्या आवळते आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावते. आज घरोघरी दिसणारी टेल्मिसार्टनची गोळी याच अँजिओटेन्सिन-२ ची वाट अडवते.

आता यकृतातील त्या प्रथिनाचे जनुक. माणसात ते पहिल्या गुणसूत्रावर असते. अमेरिकेत ऑलिव्हर स्मिथीज यांच्या प्रयोगशाळेत १९९५ साली असे उंदीर तयार केले की कुणात या जनुकाची एकही प्रत नाही, कुणात एक, कुणात दोन, तर कुणात चार. प्रत्येक वाढीव प्रतीमागे रक्तदाब सुमारे ८ अंकांनी अधिक निघाला. हा प्रयोग आम्हाला फार आवडतो, कारण त्यात जोड-बाकी पाचवीच्या मुलालाही कळेल अशी आहे. स्मिथीज यांना २००७ साली नोबेल मिळाले. पण माणसाचे जनुक काढून कसे टाकणार ?

ते काढावे लागत नाही. आमच्या कार्यालयाचेच उदाहरण घ्या. दाखल-खारीज रजिस्टर कपाटात कुलपात असते, ते वर्गात जात नाही. त्यावरून सूचना लिहून चपराशी वर्गावर्गात नेतो. ती सूचना वाटेतच फाडली तर रजिस्टर जसेच्या तसे राहते, पण वर्गात हुकूम पोहोचत नाही. पेशीत डी.एन.ए. हे रजिस्टर आणि संदेशवाहक आर.एन.ए. ही सूचना. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखविले की जुळणारा दुहेरी आर.एन.ए. आत घातला, की पेशी स्वतःच ती सूचना नष्ट करते. त्यांना २००६ चे नोबेल मिळाले. त्याआधी १९९० साली पेटुनियाचे जांभळे फूल अधिक गडद करायला गेलेल्या शास्त्रज्ञांच्या हाती पांढरी फुले आली होती. त्या कोड्याचे उत्तरही हेच होते.

कात्रणातील इंजेक्शन म्हणजे झिलेबेसिरान. यकृताच्या पेशी जिला ओळखून आत घेतात अशी एक शर्करा या आर.एन.ए.ला जोडलेली असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत २०० मिलिग्रॅम किंवा अधिकच्या एका मात्रेने आठव्या आठवड्यापर्यंत वरचा दाब १० हून अधिक अंकांनी उतरला आणि तो परिणाम चोवीस आठवडे टिकला. पुढील एका चाचणीत हेच औषध इतर गोळ्यांच्या जोडीला दिले. इंडापामाइडसोबत सुमारे १२ अंकांचा अधिक फरक पडला, ओल्मेसार्टनसोबत जेमतेम साडेचार. ओल्मेसार्टन टेल्मिसार्टनच्याच जातीची गोळी, म्हणजे एकाच वाटेवर दोन फाटके लावली. दुसऱ्याने कितीसा फरक पडणार ?

आमच्या मनात एक शंका मात्र राहते. जुलाब झाले, लू लागली, रक्त वाहिले, तर दाब सावरायला शरीराला हेच अँजिओटेन्सिन हवे असते. गोळी त्या दिवशी थांबवता येते. टोचलेले इंजेक्शन परत काढता येत नाही. आपल्या मे महिन्यात संत्र्याच्या बगीच्यात राबणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही.

तरी असे औषध का हवे, हे आम्ही घरी पाहिले आहे. आमच्या वडिलांना गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत बरे वाटू लागले. "बरं वाटते ना आता, मंग गोळी कायले पायजे ?" असे म्हणून त्यांनी ती सोडली आणि घरात कुणीच हटकले नाही, शिकलेल्या मुलानेही नाही. पुढल्या पोळ्याच्या आधी त्यांना लकवा झाला. सौसरहून नागपूरला नेईस्तोवर उजवा हात गेला होता. नंतरची सहा वर्षे ते डाव्या हाताने जेवले.

आपल्या मातीतला या विद्येचा वाटाही सांगायला हवा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा ५० रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचे लक्ष या झुडपाकडे गेले. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या जिल्ह्यांमध्ये छिंदवाडा होता. पांढुर्णा-सौसर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते, आपला जिल्हा वेगळा झाला तो २०२३ साली. सरकारी दवाखान्यात दाब मोजून गोळ्या मोफत देणे, एवढाच साधा त्याचा कार्यक्रम.

त्या विद्यार्थिनीला आम्ही सांगितले की कात्रण खरे आहे, पण इंजेक्शनच्या चाचण्या सुरू आहेत. आजीची गोळी चालू राहू दे. तिने वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले आहेत. सकाळी आजीने गोळी घेतली की बरोबरची खूण करते आणि सोमवारी आम्हाला आणून दाखवते. गेल्या आठवड्यात एक रकाना रिकामा होता.