जुन्या फोटोसाठी हाताने काढलेला मास्क



लिंबागणेश परिसरात पुष्कळ घरी आजोबा-आजीचा एकच कृष्णधवल फोटो असतो. तोडीच्या हंगामात घर पाच-सहा महिने बंद राहते आणि तेवढ्यात ओल नि कसर कडा खाऊन टाकते. मग कोणीतरी कात्री घेऊन कडा छाटतो. तसे मुळीच करू नये. मूळ प्रतीला हात न लावता खराब भाग झाकता येतो. या झाकणालाच मास्क म्हणतात.

पूर्वी स्टुडिओवाले काळ्या कागदाला बदामाच्या आकाराचे भोक पाडून तो ब्रोमाइड कागदावर धरीत. काळ्याखाली उजेड पोचत नसे, तेवढा भाग कोरा राही. कड मऊ हवी असेल तर कागद थोडा वर धरून हलवीत राहायचे. संगणकातही झाकण्याचेच काम आहे: मास्कमध्ये पांढरे असेल तिथे फोटो दिसतो, काळे तिथे झाकला जातो, करडे तिथे अर्धवट दिसतो.

मास्क घरीच काढावा. पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर काळ्या शाईने, फोटो दिसायला हवा तेवढा भाग भरावा. कडेला चावून फुलवलेले उसाचे चिपाड वापरून पाहा. विकतच्या ब्रशला अशी तुटक कड जमत नाही, आणि चिपाडाला आपल्याकडे काय तोटा! वाळल्यावर सावलीत, बरोबर वरून मोबाइलने चित्र टिपावे.

पुढे 'गिम्प' हा मोफत प्रोग्रॅम (१९९६ पासून आहे) घरातल्या शिकत्या पोराकडून उघडून घ्यावा. आपण भरलेला भाग काळा आहे, म्हणून आधी चित्राचे रंग उलटे करावेत. 'लेव्हल्स'मध्ये भोवतीचा भाग पूर्ण काळा करावा, कडेच्या करड्या छटा मात्र राखाव्यात. सगळी गंमत त्यांतच आहे. मग जुन्या फोटोच्या प्रतीला 'लेयर मास्क' जोडून त्यात हे चित्र चिकटवावे व खाली फिक्या रंगाचा थर द्यावा. आकार पसंत पडला नाही तर मास्क काढून दुसरा लावा, फोटो जसाच्या तसा राहतो. काम एक्ससीएफमध्ये ठेवावे, कारण जेपीईजीत सगळे थर एकजीव होतात. ६ × ४ इंची छपाईला १८०० × १२०० ठिपके असले म्हणजे झाले.

कसर चेहऱ्यापर्यंत गेली तर मात्र मास्कचा इलाज चालत नाही. तरी टोळी निघण्यापूर्वी भिंतीवरचे फोटो उतरवून मोबाइलवर त्यांची प्रत घ्यावी. पाठीवर नाव, साल लिहिलेले असेल तर तीही बाजू टिपावी.