नव्या गाडीचं फेअरिंग वाकडं निघालं! तक्रार करायची कशी आणि घ्यायची कशी?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझी गाडी दाखवली, पण पायऱ्या जरा पटापट सांगितल्या. म्हणून इथे सगळं सावकाश लिहून देतोय. गोष्ट गाडीची आहे, पण धडा आपल्या काउंटरचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

झालं काय?

तीन वर्षं दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून मी टुरिंग बाईक घेतली. वर्षातून एकदा चार दिवस दुकान बंद ठेवायचं आणि कोकणात जाऊन यायचं, एवढीच हौस. डिलिव्हरीच्या दिवशी हार झाला, पेढे झाले, फोटो झाले. जिथे सही करा म्हणाले तिथे सही केली. त्या कागदावर 'गाडी तपासून समाधानकारक स्थितीत मिळाली' असं छापलेलं होतं. ते मी तलवाड्याला घरी आल्यावर वाचलं!

येताना गेवराईला चहाला थांबलो. समोरून गाडीकडे बघितलं, तर फेअरिंग, म्हणजे हेडलाइटभोवतीचं मोठं प्लास्टिकचं कव्हर, एका बाजूला सरकलेलं. डावीकडे टाकी आणि कव्हर यांच्यातली फट ३ मि.मी., उजवीकडे ८ मि.मी. (मोजली दुकानातल्या स्टीलच्या पट्टीने, दुसऱ्या दिवशी.)

शोरूमला फोन केला. उत्तर आलं, "सर, या मॉडेलला थोडंफार असंच असतं. पहिल्या सर्व्हिसिंगला बघू."

डोकं फिरलं. त्याच रात्री पाना घेतला आणि उजवीकडचा स्क्रू आवळला. वाटलं, आवळला की कव्हर आत ओढलं जाईल. 'कट्' असा आवाज आला. आतलं प्लास्टिकचं लॉक तुटलं. आता अर्धी चूक त्यांची आणि अर्धी माझी.

कव्हर वाकडं का बसतं?

फेअरिंग एका तुकड्याचं नसतं. बरेच पॅनल असतात. ते एकमेकांच्या खाचेत लॉकने बसतात, रबर बुशवर टेकतात आणि मग स्क्रूने पक्के होतात. हे सगळं पुढच्या लोखंडी ब्रॅकेटवर उभं असतं. फट कमी-जास्त होण्याची नेहमीची कारणं ही:

- एखादं लॉक खाचेत न बसता कडेवरच राहिलं आणि वरून स्क्रू आवळला गेला.
- रबर बुश निसटला, किंवा वायरिंग पॅनलखाली दबली.
- सगळे स्क्रू आधी हाताने न लावता एकच स्क्रू पूर्ण आवळला. मग बाकीची भोकं जुळत नाहीत.
- ब्रॅकेट वाकलंय. नव्या गाडीत हे दिसलं तर गाडी आणताना किंवा उतरवताना आपटली का, हे विचारायलाच पाहिजे.

माझ्या गाडीत पहिलं कारण निघालं. लॉक कडेवर होतं, आणि मी आवळल्यावर ते तुटलं.

बरोबर पद्धत म्हणजे सगळे स्क्रू ढिले करायचे, प्रत्येक लॉक खाचेत बसल्याची खात्री करायची, सगळे स्क्रू हाताने चार आटे लावायचे, मग मधून कडेकडे थोडे थोडे आवळत जायचं. प्लास्टिक आहे, जोर नको. पण गाडी नवीन असेल तर हे काम शोरूमलाच करू द्या. तुम्ही उघडलं की "हे तुम्हीच तोडलं" म्हणायला त्यांना जागा मिळते.

डिलिव्हरीआधी १० मिनिटं

१. गाडी सपाट जागेवर, हँडल सरळ. समोरून आणि वरून बघा.
२. दोन्ही बाजूंची फट एकाच ठिकाणी मोजा. पट्टी नसेल तर एटीएम कार्ड घाला. एक कार्ड साधारण पाऊण मि.मी. जाड असतं.
३. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. केबल, ब्रेकची नळी किंवा स्विच कव्हरला घासतो का? घासत असेल तर गाडी हलवू नका. इथे शोभेचा प्रश्न उरत नाही, जिवाचा होतो.
४. भिंतीसमोर लाइट लावा. झोत तिरका जातो का बघा.
५. मगच सही. काही राहिलं असेल तर सहीच्या वर हाताने लिहा आणि त्या कागदाचा फोटो घ्या.

तक्रार कशी लिहायची?

फोनवरची तक्रार हवेत जाते. मी पुढच्या दिवशी हा मेल केला:

"गाडी अमुक तारखेला घेतली, चेसिस नंबर अमुक. डावी फट ३ मि.मी., उजवी ८ मि.मी. पट्टीसह फोटो जोडले आहेत. उजवीकडचा एक स्क्रू मी स्वतः आवळला, त्यात एक लॉक तुटलं. तो भाग माझा. फिटिंग वॉरंटीत सरळ करून द्यावं. कोणत्या दिवशी गाडी आणू?"

यात राग नाही. तारीख आहे, माप आहे, माझी चूक कबूल आहे आणि मागणी एकच आहे. चौथ्या दिवशी बोलावलं. फिटिंग फुकट करून दिलं, तुटलेल्या पॅनलचे पैसे मी भरले. ते पैसे म्हणजे माझ्या घाईची फी!

नाहीच ऐकलं तर?

आधी शोरूम, मग कंपनीचं कस्टमर केअर, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातलं एवढं लक्षात ठेवा:

- शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे आपल्याला बीड चालतं.
- तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.
- दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही.
- व्यावसायिक कामासाठी घेतलेली वस्तू असेल तर 'ग्राहक' म्हणून दाद मागता येत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर सूट आहे. म्हणून हौसेच्या गाडीचं बिल फर्मच्या नावावर करण्याआधी विचार करा.

आणि "अख्खी गाडीच बदलून द्या" म्हणून अडून बसू नका. २००६ साली मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर तेवढ्यावरून पूर्ण गाडी बदलून द्यायचा आदेश योग्य नाही. जेवढा दोष तेवढी मागणी ठेवा, काम लवकर होतं.

आता काउंटरच्या आपल्या बाजूला या

शोरूमवाल्याचं "असंच असतं" हे वाक्य मला दोन दिवस टोचत होतं. मग आठवलं, हे वाक्य मीच बोललोय! मागच्या हंगामात एक शेतकरी अण्णा माझ्याकडून नेलेला बॅटरीचा फवारणी पंप घेऊन आले होते. झाकणातून पाणी गळून पाठ भिजत होती. दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, "अण्णा, या पंपाला थोडं असंच असतं." ते काही बोलले नाहीत. पंप उचलला आणि गेले. परत दुकानात आले नाहीत.

पाठीवर औषधाचं पाणी गळत होतं, मंडळी. माझ्या गाडीची तर नुसती फट होती.

गाडी सरळ झाली त्याच संध्याकाळी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. झाकणाची रबर रिंग बदलली. पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, "अण्णा, तेव्हा माझं चुकलं." ते म्हणाले, "चुकलं ते जाऊ दे. त्या दिवशी तू पंपाकडं बघितलंबी नव्हतं रं."

यावर मला उत्तर नव्हतं.

तेव्हापासून दुकानात तीन नियम आहेत. वस्तू हातात घेऊन बघायची. तक्रार वहीत तारखेसह लिहायची. आणि "कधी होईल" याचा दिवस सांगूनच गिऱ्हाईकाला पाठवायचं. "असंच असतं" हे वाक्य बंद.

आजचा गृहपाठ: मागच्या वर्षभरात तक्रार घेऊन आलेले आणि नंतर न दिसलेले तीन गिऱ्हाईक आठवा. नावं वहीत लिहा. त्यातल्या एकाला आज फोन करा. विकायला नाही, विचारायला.

भेटू पुढच्या व्हिडिओत.