सातबाऱ्यावरचे हेक्टर, घरातले एकर

प्रश्न : मी बारावीत आहे, सुट्टीत पायथन शिकतोय. आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र १.२०.०० आहे. वडील म्हणतात, रान तीन एकर. माझा प्रोग्राम २.९७ एकर दाखवतो. चुकतंय कोण?
– एक विद्यार्थी, ता. कळंब, जि. धाराशिव

उत्तर : गणित तुझंच बरोबर आहे. वडिलांचा हिशेबही हवेतला नाही. गावात पुष्कळ जण आर आणि गुंठा एकच धरतात. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून १२० आर म्हणजे तीन एकर. तोंडी बोलायला तेवढं पुरतं. पण गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा. १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र नेमका १०० चौरस मीटरचा. फरक किरकोळ वाटतो, पण तुमच्या १२० आरांत तो जवळपास १.३९ गुंठे होतो. दीड हजार चौरस फूट. एवढ्यात घर उभं राहतं.

हा घोळ दोन पद्धती शेजारी नांदतात म्हणून. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आणली, कागदावर हेक्टर-आर आले. बांधावर एकर-गुंठेच राहिले.

आता प्रोग्राम. तू हेक्टरला २.४७१ने गुणलं असणार. त्यातून २.९७ येतं, पण ते ऐकून कुणी ‘दोन एकर सत्त्याण्णव गुंठे’ समजलं तर पंचाईत. त्याऐवजी आधी सगळं चौरस मीटरमध्ये आण, मग हव्या त्या मापात ने. पायथनला चलांची (व्हेरिएबलची) नावं देवनागरीत चालतात, म्हणून हे असंच लिहिता येईल. फक्त आकडे इंग्रजीत टाईप कर :

हेक्टर = १
आर = २०
चौमी = ०
एकूण_चौमी = हेक्टर * १०००० + आर * १०० + चौमी
एकूण_गुंठे = एकूण_चौमी / १०१.१७१४१०५६
एकर = एकूण_गुंठे // ४०
गुंठे = एकूण_गुंठे % ४०

दोन तिरक्या रेघा पूर्ण भागाकार देतात, टक्क्याचं चिन्ह बाकी. उत्तर येईल २ एकर ३८.६१ गुंठे. मधला थांबा चौरस मीटरचा ठेवल्याचा फायदा पुढे कळेल. सहा मापं एकमेकांत बदलायची तर सुटी सूत्रं तीस लागतात. असं केलं की दर मापाला एकच आकडा पुरतो.

तीन ठिकाणी जपून. पहिलं, सातबाऱ्यावरचा टिंब दशांशचिन्ह समजू नकोस. एक हेक्टर पाच आर कुणी १.५ असं भरलं, तर प्रोग्राम त्याचे दीड हेक्टर करेल. म्हणून हेक्टर, आर आणि चौरस मीटर वेगवेगळे विचार. दुसरं, पूर्णांकन एकर वेगळे काढण्याआधी, एकूण गुंठ्यांवर कर. नाहीतर ३९.९९८ गुंठ्यांचे ४० होतात आणि ‘० एकर ४० गुंठे’ असं विचित्र उत्तर छापलं जातं. तिसरं, चलाच्या नावातच माप असू दे, जसं वर ‘एकूण_चौमी’ आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९मध्ये मंगळाजवळ पोचून गमावलं गेलं, कारण एका संगणकप्रणालीचे आकडे पाउंडात होते आणि पुढच्या प्रणालीने ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं.

प्रोग्राम झाला की उत्तर आधीच माहीत असलेले आकडे घालून बघ. ० हेक्टर, ४० आर, ४६.८६ चौरस मीटर दिलं तर बरोबर १ एकर आला पाहिजे. सगळीकडे शून्य दिलं तर शून्य. उणे आकडा दिला तर प्रोग्रामने नकार द्यावा.

हे जमलं की पुढचा धडा सोयाबीनचा. एकरी आठ क्विंटल उतारा असेल, तर हेक्टरी किती? इथे एकर खाली, भागाकारात आहे. त्यामुळे आठला २.४७ने गुणायचं; उत्तर पावणेवीस क्विंटलच्या आसपास येतं. सव्वातीनच्या आसपास आलं, तर गुणायच्या जागी भागलंस असं समज.